पहिली तार पुन्हा तुटली (व्हायोलिन वर्ग)

मेधा (शनिवार वर्ग):
आज दोन्ही वर्गांचं कपाट उघडलं तर अर्ध्या मापाच्या व्हायोलिनची पहिली तार पुन्हा गेलेली. दिवाळीनंतरच नवीन घातली होती. रविवारवाल्यांनो, हात जोडते, वर्ग संपला की तारा होत्या तशा लावून ठेवत जा. आमचा षड्ज (सा) पेटीच्या सफेद दोन पट्टीचा, म्हणजे डी; त्यासाठी पहिली तार सफेद तीनवरून दोनवर उतरवायची आणि चौथी पाचवरून सहावर चढवायची. तुम्ही येऊन सगळं उलटं करता. पहिली मुळात सगळ्यांत बारीक, दर आठवड्याला खाली-वर केली तर किती टिकणार?

निखिल (रविवार वर्ग):
मेधाताई, उलटं कोण करतं हाच प्रश्न आहे. चौथ्या तारेपासून पहिलीपर्यंत जी-डी-ए-ई ही या वाद्याची नेहमीची जुळणी, आम्ही ती परत आणतो इतकंच. आमच्यातली तीन मुलं ट्रिनिटीच्या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षेला बसणार आहेत. तिथे साथीला पियानो असतो, तो सफेद दोनला षड्ज मानून थांबत नाही. आणि व्हायोलिनच्या पट्टीवर, बोट कुठे ठेवायचं ते दाखवायला, मी चिकटवलेल्या खुणा कोणी काढल्या?

मेधा:
मी काढल्या. पोरं खुणेकडे बघत बसतात, कान बंद. भूप रागापर्यंत चालून जातं, पण भैरव रागाचा कोमल रिषभ (उतरलेला रे) तुमच्या कुठल्या खुणेवर आहे? आणि मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाताना, बोट खुणेवर थांबवायचं की काय?

निखिल:
मींड तिसऱ्या महिन्यात कोण घेतं हो? सात वर्षांच्या मुलाला बोट कुठे पडलं हे दिसलं तर तो घरी निदान अर्धा तास वाजवतो, नाहीतर दोन दिवसांत व्हायोलिन पेटीत बंद. आणि कान बंद म्हणू नका. जपानी व्हायोलिनशिक्षक सुझुकींच्या पद्धतीत कान आधी, कागद नंतर. मूल मातृभाषा उचलतं तसे सूर उचलू द्यायचे. आई किंवा वडील वर्गात बसून स्वतः शिकतात, घरी रोज तीच गाणी लावून ठेवतात. आमच्याकडे पालक सोडून जातात आणि सेव-उसळ खाऊन परत येतात, ते वेगळं.

वसंतकाका:
कान की कागद हा वाद बडोद्याला नवीन नाही. गायक मौलाबक्षांनी १८८६ मध्ये इथे गायनशाळा काढली तेव्हा त्यांचं स्वतःचं स्वरलेखन होतं. भातखंड्यांची १९१६ ची संगीत परिषदही इथलीच. व्हायोलिनवादक एन. राजमबाईंनी गायक ओंकारनाथ ठाकुरांकडून गायकी घेतली ती गळ्यावरून, कागदावरून नव्हे. मुलांना आधी गायला लावा. जे गळ्यात नाही ते गजात येत नाही.
दुसरं, उभं राहून वाजवणं मला पटत नाही. मांडी घालून बसा, व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर टेकवा, डावा हात मोकळा. हनुवटीखाली वाद्य दाबून मान आखडते. माझ्या गुडघ्यांना मात्र हल्ली खुर्चीच लागते.

शुभांगी:
काका, विषय तारेचा होता.
माझा चिन्मय दोन्ही वर्गांत येतो. शनिवारी बसतो, रविवारी उभा राहतो, त्याचं काही बिघडलेलं नाही. घोळ जुळणीचाच होतो. शनिवारी शिकलेलं रविवारी वाजवायला गेला की पहिल्या तारेवर सगळं चुकतं आणि तो रडकुंडीला येतो. दोन व्हायोलिनं शनिवारची, दोन रविवारची असं वाटून टाका ना. पेटीला रंगीत दोरा बांधा.

सुधीर (कपाट):
वाटून देता येणार नाहीत. चारांत अर्ध्या मापाचं एकच, पाऊण मापाची दोन, एक पूर्ण. बारकी मुलं दोन्हीकडे आहेत. नवीन घ्यायचं तर सभेत ठरेल. शिवाय नवरात्रात हॉल मिळणार नाही हे आत्ताच लिहून ठेवतो, मागच्या वर्षी मलाच ऐकावं लागलं. किल्ली माझ्याकडेच राहील.

निखिल:
किल्ली कोणी मागितली नाही, सुधीरभाऊ.
मेधाताई, एक सुचवतो. तुमची नवीन मुलं भूपाने सुरू करतात. मधली डी तार तुमचा षड्ज, ए तुमचा पंचम, या दोन्ही आमच्याकडेही तशाच आहेत. सा आणि प मोकळ्या तारेवर, रे आणि ध पहिल्या बोटावर, ग दुसऱ्या बोटावर. वरचा सा ए तारेवर तिसऱ्या बोटाने मिळतो. पहिल्या आणि चौथ्या तारेला हात लावायचं कामच नाही. अर्ध्या मापाच्या व्हायोलिनवर एवढं चालेल का?

मेधा:
वरचा सा मोकळ्या तारेवर लागला की बाकीच्या तारा झणझणतात, मुलाला सूर लागल्याचं अंगात कळतं. तिसऱ्या बोटाने ती मजा नाही. पण वर्गात रडारड नको. फक्त अर्ध्या मापावर, फक्त भूप होईपर्यंत. पाऊण आणि पूर्णला आमचीच जुळणी राहील, तुम्ही त्या पेट्या शनिवारच्या आधी लावून ठेवायच्या. आणि खुणा नाहीत.

निखिल:
एक खूण. पहिल्या बोटाची. कोमल रिषभ तिच्या मागे सरकला की मिळतो, भैरवाचंही भागेल.

मेधा:
बारीक असेल तर. आणि पांढरी नको.

वसंतकाका:
म्हणजे भैरवाला गायनाची गरज नाही असं ठरलं का?

सुधीर (कपाट):
तार रावपुऱ्यात सुटी मिळते, उद्या आणतो. अर्ध्या मापाची मागून आणा असं कोणीतरी लिहा, मागच्या वेळी दुकानदाराने पूर्ण मापाची दिली होती. बिल दोन्ही वर्गांत निम्मं-निम्मं.