थंडी, लाल कंदील आणि इझाकाया : अनुभव येऊ द्या

काल पांढरा मुळा शिजत ठेवला होता. झाकण काढलं आणि त्या वासानं थेट २०१४च्या डिसेंबरात, तोक्योच्या युराकुचोला नेऊन सोडलं. डोक्यावरून लोकल धडधडतेय, पुलाखाली इझाकाया, म्हणजे जपानी खाण्यापिण्याचा अड्डा. बाहेर लाल कंदील, आत जेमतेम दहाबारा जण. बसल्या बसल्या हातात कढत ओला रुमाल दिला. मी तोंड, मान, कानामागे सगळं पुसून घेतलं. तो फक्त हातांसाठी असतो, हे नंतर कळलं.

मग ओदेन, रसात मंद शिजवलेले तुकडे. अंडं, कोन्याकु (कंदाची रबरी वडी) आणि तो मुळा! रस पिऊन तपकिरी झालेला, जेवायची काडी लावली की तुटणारा. आमच्याकडे मुळा म्हणजे कोशिंबीर, नाहीतर नाक मुरडणं. वर पिवळी कराशी चटणीसारखी चांगली बोटभर घेतली. मोहरी ती. डोळ्यांतून पाणी, समोरचे साहेब खूश.

आणि गरम साके, तांदळाची दारू. पानात काही टाकायचं नाही हे आईचं वळण, म्हणून मी ओचोको, म्हणजे साकेचा इवला पेला, रिकामा करायचो. तिथे रिकामा दिसला की शेजारचा भरतो. पुढचं आठवत नाही.

तुमचं काय झालं?

खारीबिस्कीट
😂😂 कानामागे!!
मी शाकाहारी. ओदेनचा रसही माशाचाच, दाशी. शेवटी तळलेलं टोफू मागवलं तर त्यावर माशाचे पापुद्रे वाफेनं हलतायत. मित्र म्हणतो, घाबरू नकोस, मेलेला आहे. दोन तास एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, सोलले.

उंटावरचा
न मागवता छोटी वाटी येते ना, ओतोशी? फुकट समजून दुसरी मागणार होतो. बिलात माणशी ४०० येन. बसायचं भाडंच ते. टीप मात्र देत नाहीत, म्हणजे फिटंफाट.

घोंगडी
साप्पोरो, बाहेर गुडघाभर बर्फ. बूट काढून आत बसायचं आणि माझ्या मोज्याला अंगठ्याशी भोक. नशीब, टेबलाखाली पाय सोडायला खड्डा होता. पाय वर घेतलेच नाहीत, होक्के मासा संपला, सगळे उठले तरी.

पाणपोई
मुळ्याच्या पाल्याचं काय केलंत?

सातवी_अ
मी काडीनं उचललेला तुकडा मैत्रिणीच्या काडीत दिला. टेबल एकदम गप्प. दहनानंतर अस्थी तशा उचलून देतात म्हणे. आपल्याकडे कुणी डाव्या हातानं वाढलं तर आजी बघायची, तसं बघत होते.

दुपारचाचहा
माझा अनुभव आत न जाता. तोक्योतल्या निशीकासाईत होतो, बाळ चार महिन्यांचं. ह्यांची बोनेनकाई. वर्ष विसरायची पार्टी म्हणे, आम्ही काय विसरायचं? शेवटच्या गाडीनं आले, अंगाला याकितोरीचा (काडीला लावून भाजलेली कोंबडी) आणि सिगारेटींचा धूर. (तेव्हा आत सर्रास ओढायचे, २०२०च्या एप्रिलपासून बरंच आटोक्यात आलं.) कोट रात्रभर गॅलरीत टांगला. पण येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून ओदेनचा डबा आणला होता. बाळाला मांडीवर घेऊन रात्री एकला उभ्यानंच खाल्लं. मुळा मीच संपवला, त्यांना दिला नाही.

खारीबिस्कीट
दुपारचाचहा, ❤️ बरोबर केलंत.

पाणपोई
अहो, पाला?

धागाकर्ता
टाकला नाही हो! मूगडाळ भिजत घातलीय, लसूण सोलतोय.