बेससाठी हेड घ्यायचं आहे: ट्यूब प्रीअँप की सॉलिड-स्टेट?

डिचोलीचा_बेसवाला:

नमस्कार मंडळी. आमचा पाच जणांचा बँड आहे. हिवाळ्यात लग्नांची रिसेप्शनं, सीझनमध्ये मोरजीच्या एका शॅकवर (किनाऱ्यावरच्या खाणावळीत) आठवड्यातून एक संध्याकाळ, चवथीच्या दिवसांत सार्वजनिक मंडप, आणि अधूनमधून साखळीच्या रवींद्र भवनात भावगीतांना साथ. माझ्याकडे चार तारांचा पॅसिव्ह (आत बॅटरी नसलेला) जॅझ बेस गिटार आहे आणि दोन दहा इंची स्पीकरचं ८ ओहमचं कॅबिनेट. हेड, म्हणजे कॅबिनेटवर ठेवायचा अँप, मात्र आजवर साउंडवाला देईल ते.

आता दोन हेडं सेकंड हँड मिळताहेत आणि दोन्ही परवडण्यासारखी आहेत. एक हार्टकी एलएच५००, त्याच्या प्रीअँपमध्ये, म्हणजे सिग्नल आधी तयार करणाऱ्या भागात, ट्यूब (काचेचा व्हॉल्व्ह) आहे. दुसरं अ‍ॅग्विलारचं टोन हॅमर ५००, पूर्ण सॉलिड-स्टेट, म्हणजे सगळं ट्रान्झिस्टरवर. हे माझ्या मित्राच्या तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) भावाने बाहेरून आणलंय. जो तो सांगतो की बेसला ट्यूबचा उबदारपणा हवाच. पण एलएच५०० जड आहे आणि मी बरेचदा स्कूटरवरून जातो. ट्यूबसाठी ते वजन सोसावं का? आणि आपल्या पावसात ट्यूब टिकते का?

फोंड्याचा_बेसिस्ट:

बाबा, तू नेमकी अशी जोडी समोर ठेवली आहेस की नुसत्या नावावर गेलास तर हवं त्याच्या उलटं पदरात पडेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अँपेग कंपनीने १९६९ मध्ये एसव्हीटी हा बेसचा अँप काढला. ३०० वॅट, प्रीअँपपासून पॉवरपर्यंत सगळ्या ट्यूब, मागे भलामोठा आउटपुट ट्रान्सफॉर्मर, नुसत्या हेडचं वजन ३५ किलोंच्या वर. ट्यूबचा बेस म्हणून लोकांच्या कानात जो आवाज बसलाय, तो बऱ्याच अंशी त्या पॉवर ट्यूबचा, त्या ट्रान्सफॉर्मरचा आणि खाली लावलेल्या आठ स्पीकरच्या कॅबिनेटचा आहे. एलएच५०० मध्ये पुढे १२एएक्स७ नावाची एक छोटी ट्यूब आहे, मागची सगळी ताकद ट्रान्झिस्टरची. चांगलाच अँप आहे तो, पण एसव्हीटीचा धाकटा भाऊ समजून घेऊ नकोस.

मग ती एक ट्यूब करते काय? १२एएक्स७ च्या एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन भाग, असतात. पॅसिव्ह जॅझ बेसचा सिग्नल लहान, त्यामुळे साध्या वाजवण्यात पहिला ट्रायोड फारसा चेपला जात नाही. तो सिग्नल मोठा करतो आणि त्यात थोडा दुसरा हार्मॉनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा सूर, मिसळतो. आता हे आपल्या वाद्यावर बघ. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, तिचा दुसरा हार्मॉनिक ८२ हर्ट्झचा. तुझ्या दोन दहा इंची स्पीकरमधून ४१ क्षीण येणार, ८२ भरपूर येणार. त्या ८२ मध्ये थोडी भर पडली की कानाला बेस जाड झाल्यासारखा वाटतो. लोक उबदारपणा म्हणतात त्यात याचा मोठा वाटा आहे. ती गोष्ट खरी आहे, भ्रम नाही. पण ती ट्यूबशिवायही साधता येते.

ट्यूबला खरोखर राबवायचं, तर तिच्यात सिग्नल जोरात ढकलायचा आणि पुढे आवाज आवरायचा. त्यासाठी गेन वेगळा आणि मास्टर वेगळा लागतो. एलएच५०० ला व्हॉल्यूमचा एकच नॉब आहे. म्हणजे ट्यूबला घाम फुटेल तेव्हा कॅबिनेटही पूर्ण जोरात असणार. मोरजीच्या शॅकवर, टेबलावर लोक जेवत असताना, ते तुला कधीच करता येणार नाही. तिथे ती ट्यूब शांतपणे स्वच्छ आवाज देत बसेल. उलट टोन हॅमरला गेन आहे, मास्टर आहे आणि ड्राइव्हचा वेगळा नॉब आहे. ड्राइव्ह वाढवला की वरच्या कडा गोल होतात, मधला भाग जाड होतो, आणि हे सगळं हळू आवाजातही मिळतं. तर उबदारपणासाठी तू ज्याच्याकडे बघतो आहेस ते हेड स्वभावाने स्वच्छ आहे, आणि ज्यात एकही ट्यूब नाही ते जास्त गडद. नावांवर तर मुळीच जाऊ नये. डार्कग्लास कंपनीच्या मायक्रोट्यूब्स हेडमध्येही ट्यूब नसते.

एलएच५०० ट्राय करशील तर एक सांगून ठेवतो. त्याचे बेस, मिड, ट्रेबल हे तिन्ही नॉब मधोमध ठेवले तर मिड खाली बसलेला असतो. मिड पूर्ण वर घे, बाकीचे दोन बरेच खाली आण, मग त्याचा सरळ आवाज ऐकू येईल. हे न करता लोक त्याला नावं ठेवतात, वाईट वाटतं.

आता ताकद. दोन्ही हेडं ५०० वॅटची म्हणतात ती ४ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला अडथळा, तो जास्त तितकी ताकद कमी). तुझ्या एकट्या ८ ओहमच्या कॅबिनेटवर टोन हॅमर २५० वॅट देतो. शॅकला आणि रवींद्र भवनाला तेवढं पुरे. उघड्या मैदानात ड्रमर जोरात असेल तर कमी पडेल. तेव्हा अँप बदलायचा नाही, तसंच दुसरं ८ ओहमचं कॅबिनेट जोडायचं. दोन्ही मिळून ४ ओहम होतात, प्रत्येकाला पहिल्याइतकीच ताकद मिळते आणि खालच्या सुरांत जवळपास ६ डेसिबलची भर पडते. त्याच एका कॅबिनेटवर नुसते वॅट दुप्पट केले तर मिळतात फक्त ३. माझं स्पष्ट मत: हलकं सॉलिड-स्टेट हेड घे, आणि उरतील ते पैसे दुसऱ्या कॅबिनेटसाठी ठेव.

पावसाचं म्हणशील तर ट्यूबची काळजी करू नकोस. काच बंद असते, आत हवाच नसते, आणि प्रीअँपची ट्यूब बरीच वर्षं चालते. आपल्याकडे मरतात ते जॅक, सॉकेट आणि नॉब. जून ते सप्टेंबर अँप खोक्यात बंद राहिला, वर समुद्राची खारी हवा, की धातूच्या टोकांवर थर चढतो. सगळ्यात फसवा असतो मागच्या इफेक्ट्स लूपचा, म्हणजे बाहेरचं इफेक्टचं यंत्र मधे जोडायच्या सेंड-रिटर्न जोडीतला, रिटर्न जॅक. त्यात काही लावलेलं नसतं तेव्हा सिग्नल जॅकच्या आतल्याच पट्टीतून जातो. ती पट्टी काळवंडली की आवाज मधेच बसतो, आणि लोक म्हणतात अँप गेला. सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी केबल लावून बघायची. आवाज परत आला तर दोष तिथेच. कॉन्टॅक्ट क्लिनर मारायचा, जॅक आठ-दहा वेळा आत-बाहेर करायचा. पावसाळ्यात आठवड्यातून अर्धा तास अँप चालू ठेवला आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तर ही वेळ सहसा येत नाही.

आणि तारवट्याने आणलेलं हेड घेण्याआधी त्याची मागची पाटी वाच. नुसतं १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० च्या प्लगला लावू नकोस, आधी जाणकार मेकॅनिकला दाखव.

पेडण्याचा_लो_एंड:

फोंडेकर बाब, तुमचं बहुतेक पटलं, पण एक सांगतो. मी मार्कबासचा लिटल मार्क ट्यूब वाजवतो. त्यात सॉलिड-स्टेट आणि ट्यूब अशा दोन वाटा आहेत आणि एका नॉबने त्यांचं मिश्रण करता येतं. म्हणजे एकाच हेडवर, त्याच कॅबिनेटवर, वाजवता वाजवता फरक ऐकता येतो. ट्यूबच्या बाजूला नेलं की मला जोरात छेडलेल्या सुराचं टोक मऊ झालेलं बोटांना जाणवतं. प्रेक्षकाला कळत नसेल, मला कळतं, आणि त्यामुळे मी वेगळा वाजवतो. बँडमधल्या बेसवाल्यासाठी ही छोटी गोष्ट नाही. जुन्या हार्टकी एचए३५०० वरही ट्यूबचा आणि सॉलिड-स्टेटचा असे दोन नॉब आहेत. डिचोलीकर, साउंडवाल्याकडे तो असेल तर एकदा एकच नॉब उघडून वाजव, मग दुसरा. विकत घेण्याआधी स्वतःच्या बोटांना विचार.

फोंड्याचा_बेसिस्ट:

पेडणेकर, बोटांना जाणवतं हे मी कधीच नाकारणार नाही. वाजवणाऱ्याला आपला आवाज आवडला की हात सैल होतो, आणि ते समोरच्यापर्यंत पोचतं. माझा आग्रह इतकाच की तुलना करताना दोन्ही आवाज सारख्याच पातळीवर आणावेत. जरासं मोठं ऐकू येणारं आपल्याला नेहमी जास्त चांगलं वाटतं. ट्यूबचा नॉब फिरवताना पातळीही वाढत असेल, तर आपण ट्यूबला नाही, मोठ्या आवाजाला पसंती देतो. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप असतं, तेवढं या कामाला पुरतं. आणि नॉब दुसऱ्याला फिरवायला सांगावं, आपण पाठ करून वाजवावं.

मडगाव_साउंड:

मिक्सरमागून दोन शब्द. सभागृहात लोक तुमचं कॅबिनेट कमी आणि माझे स्पीकर जास्त ऐकतात. मी हेडच्या मागच्या डीआयमधून (मिक्सरला सिग्नल द्यायच्या सॉकेटमधून) लाइन घेतो. डीआयचं बटण प्रीवर असेल तर तुमचे टोनचे नॉब माझ्यापर्यंत येत नाहीत, पोस्टवर असेल तर येतात, पण मग तुम्ही गाण्यामध्ये बेसचा नॉब वाढवलात की माझा सगळा हॉल घुमतो. भावगीतांना प्री द्या, तबल्याचा डग्गा आणि बेस एकमेकांवर चढू नयेत हे मी तिथून सांभाळतो. स्वतःचा ड्राइव्हचा आवाज हवाच असेल तर पोस्ट द्या, पण साउंडचेकनंतर नॉबना हात लावू नका. आणि उघड्यावर रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावे लागतात, तेव्हा साउंडचेकला वेळेवर या, सगळ्यांचंच भलं होतं.

डिचोलीचा_बेसवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दोन्ही हेडं एकाच खोलीत, माझ्याच कॅबिनेटवर ऐकली. ड्रमर नॉब फिरवत होता, मी भिंतीकडे तोंड करून. एलएच५०० मध्ये तुम्ही सांगितलंत तसा मिड वर घेतला आणि चकित झालो. फार सुंदर, उघडा आवाज, अंगठ्याने स्लॅप केलं की प्रत्येक सूर वेगळा. पण आमच्या गाण्यांत मी बहुतेक बोटांनी वाजवतो, आणि शॅकच्या पातळीवर आवाज खाली आणला तेव्हा टोन हॅमर मला जास्त भरीव वाटला. ड्राइव्ह अर्ध्याच्या थोडा खाली ठेवला, मिडची फ्रीक्वेन्सी जरा खाली आणली, आणि गायिकेने स्वतःहून विचारलं की हा कुठला. पाटीवर २३० आहे, बघून घेतलं. टोन हॅमर घेतोय.

पेडणेकर दादा, तुमचं मिश्रणवालं हेड एकदा ऐकायला येऊ का? विकत घ्यायला नाही, बोटांचं काय म्हणता ते कळायला.

शेवटचं एक. कॅबिनेटला हेड जोडायला माझ्याकडे बेसचीच एक जास्तीची केबल आहे. चालेल?

पेडण्याचा_लो_एंड:

कधीही ये. बेस घेऊन ये, कॅबिनेट इथे आहे.

फोंड्याचा_बेसिस्ट:

ती केबल मुळीच लावू नकोस. वाद्याच्या केबलमध्ये आत केसासारखी एक बारीक तार आणि भोवती जाळी असते, ती एवढा करंट वाहायला नसते, तापते. टोन हॅमरला मागे स्पीकॉन (स्पीकरसाठीचा फिरवून अडकवायचा सॉकेट) आहे. दोन्ही टोकांना स्पीकॉन बसवून घे, मधे दोन पदरी तांब्याची जाड वायर, अडीच स्क्वेअर एमएमची. लांबी दीड मीटर पुरे. कॅबिनेटला फक्त साधा जॅक असेल तर त्या टोकाला जॅक लाव, पण वायर हीच. अशा डी क्लास हेडमध्ये बरेचदा स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो, त्यामुळे त्यातली एकही तार अर्थला किंवा मिक्सरच्या इनपुटला टेकवायची नाही. मिक्सरला द्यायचं ते डीआयमधूनच. आणि दुसरं कॅबिनेट घेशील तेव्हा अशीच आणखी एक केबल आत्ताच करून ठेव, सोल्डरिंगवाला एकाच फेरीत दोन्ही करून देईल.