भांडी मशीन घासते, मशीन कोण घासणार? – नागपूरकरांनो, अनुभव लिहा

परवा घरी पाहुणे होते. बेत साधाच, पाटवडी-रस्सा. रात्री डिशवॉशर लावला, सकाळी दार उघडलं तर काचेचे पेले पांढुरके, वाट्या बोटाला चिकट आणि आतून असा वास की सासूबाई देवघरातूनच म्हणाल्या, "काहून गं, नाली उघडली का कोणी?"

चार वर्षांची मशीन. आजवर मी वरची जाळी तेवढी झटकायचे. परवा पहिल्यांदा आतली नळकांडी फिरवून मुळासकट बाहेर काढली. खाली मोहरी, कढीपत्त्याच्या काड्या, लिंबाच्या दोन बिया, आणि सगळ्यावर पिवळा तेलकट साका. जुन्या टूथब्रशने अर्धा तास घासलं. वास गेला, पेले मात्र पांढरेच.

तुम्ही काय करता, किती दिवसांनी करता? माहितीपुस्तकातलं नको, ते माझ्याकडेही आहे (न वाचलेलं). आणि पाणी कुठलं ते नक्की लिहा: पेंचचं, कन्हानचं की बोअरचं. आमच्याकडे पेंचचं येतं, पण उन्हाळ्यात टाकीत बोअरचंही सोडतात.

बेसा, सोसायटीचं बोअर

ताई, पेले तेलाने नाही, पाण्याने पांढरे झालेत. एका पेल्यावर लिंबाची फोड चोळून बघा. पांढरं गेलं तर क्षार. नाही गेलं तर साबण आणि उष्णतेने काचच झिजली, ती काही परत येत नाही.

कूलरच्या ताट्यांवर महिनाभरात जो चुना बसतो ना, तोच मशीनच्या हीटरवर आणि फवाऱ्याच्या भोकांत बसतो. आमच्या बोअरच्या रिपोर्टमध्ये कठीणपणा लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 पर्यंत ठीक, दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पाणी पिण्याला चालतं, पण काचेला नाही.

मशीनच्या तळाशी मिठाचा कप्पा असतो तो यासाठीच. आत राळेचे बारीक मणी असतात, ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात. मणी भरले की मिठाचं पाणी त्यांना धुऊन पुन्हा कामाला लावतं. कप्पा रिकामा तर मणी निकामी. मी पहिलं वर्षभर मिठाचा दिवा लागलेला बघत होतो आणि मशीन चालू असल्याची खूण समजत होतो! नुसतं मीठ भरूनही भागत नाही. कठीणपणाचं सेटिंग आपल्या पाण्याप्रमाणे वाढवावं लागतं. आमचं कारखान्यातून आलं तसंच खालच्या आकड्यावर होतं.

महाल

मिठावरून आठवलं. आमच्या ह्यांनी "मीठ ते मीठ" म्हणून जेवणातल्या मिठाची अख्खी पिशवी त्या कप्प्यात ओतली. बारीक मिठाचा आत दगड झाला. दुपारभर चमच्याने खरवडत बसलो. जाड दाण्याचं, डिशवॉशरचंच मीठ घ्या. आणि भरलं की लगेच एक फेरी चालवा, सांडलेलं खारं पाणी रात्रभर राहिलं तर स्टीलला गंज धरतो. (गंज म्हणजे लोखंडाचा, आपला वरणाचा गंज नव्हे.)

धरमपेठ, पेंचचं पाणी

रिटायर माणूस आहे, त्यामुळे हे खातं माझ्याकडे. दर रविवारी पोहे झाले की जाळी कोमट पाण्याखाली. महिन्यातून एकदा फवाऱ्याचे दोन्ही हात काढून कानाशी हलवतो. खुळखुळलं की समजायचं, जिरं अडकलंय. टूथपिकने भोकं मोकळी करायची. संक्रांतीनंतर तर तीळच तीळ निघाले. वरच्या रॅकमधली भांडी धुतल्यासारखी का दिसत नव्हती ते तेव्हा कळलं.

दोन महिन्यांनी इतवारीतून आणलेलं लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) तीन-चार चमचे आत टाकून मशीन रिकामी, सर्वांत गरम फेरीवर. साबण नाही, भांडी नाहीत. व्हिनेगर मी एक-दोनदा वापरलं, आता नाही; रोजचं व्हिनेगर दाराच्या रबराला मानवत नाही. आणि यातलं काहीही ब्लीचसोबत टाकू नका, विषारी वायू होतो.

दाराचं रबर मात्र ओल्या फडक्याने पुसायचं. खालच्या कडेला पाणी पोचतच नाही, खरा मळ तिथे.

मनीषनगर

आमच्याकडे मुलाने गोळी संपली म्हणून हाताने भांडी घासायचं लिक्विड घातलं. दहा मिनिटांत दारातून फेस, ओट्याखाली फेस, फेसात मांजर. फेस तळाच्या ट्रेमध्ये शिरला, आतला फ्लोट (तळाशी पाणी साचलं की वर उचलला जाऊन मशीनला पाणी घेऊ न देणारा तरंगता तुकडा) उचलला गेला आणि मशीन पाणी न घेता नुसती घर्रर्र करत राहिली. मेकॅनिक आला, मशीन पुढे तिरपी केली, टॉवेलवर पाणी काढलं आणि पैसे घेऊन गेला. त्याच्याआधी प्लग काढून आम्हीच केलं असतं तर बरं!

प्रतापनगर

अ‍ॅल्युमिनियमची कढई कधीच टाकू नका, साबणातल्या क्षाराने काळी होते. लोखंडी तवा, पितळी डबे, लाकडी पोळपाट हातानेच. सावजी रस्सा झाला की तर्री आधी कागदाने पुसून घेते. तेवढं केलं तर जाळी पंधरा दिवस तग धरते.

वर्धा रोड

उन्हाळ्यात महिनाभर पुण्याला गेलो, मशीन बंद, दार घट्ट लावलेलं. परत आल्यावर आत बुरशी. आता जाताना दार बोटभर उघडं ठेवतो. आणखी एक: निचऱ्याचा पाइप प्लंबरने सरळ मोरीत सोडला होता, त्यामुळे घाण पाणी उलट यायचं. पाइप ओट्याच्या उंचीपर्यंत वर नेऊन मग खाली वळवला, तेव्हापासून वास नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. मीठ भरलं, सेटिंग दोन आकड्यांनी वाढवलं, लिंबूफुलाच्या दोन फेऱ्या केल्या. सहापैकी चार पेले लख्ख. उरलेले दोन झिजलेलेच निघाले. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, ताकाला ठेव. तसंही पांढरंच असते ते."