टोमॅटो, फरसबी, मिरची, काकडी सगळं एकदमच तयार झालंय, एवढ्याचं करू काय?

कुंडीतली_माती:
नमस्कार मंडळी, इथे नेहमी वाचते पण प्रश्न पहिल्यांदाच विचारतेय. यावेळी ठरवून गच्चीवर भाजी लावली, टोमॅटोची बारा रोपं, फरसबीच्या दोन लांब कुंड्या, मिरचीची सहा झाडं आणि काकडीचे दोन वेल. दोन महिने नुसती पानं बघत बसले होते आणि आता गेल्या दहा दिवसांत असं काही सुटलंय की रोज सकाळी टोपली भरतेय. घरात आम्ही तिघंच. आजूबाजूला वाटून झालं, रोज तीच भाजी खाऊन झाली, तरी उरतंच. काल फ्रीजच्या खालच्या कप्प्यात टोमॅटोच्या शेजारी ठेवलेल्या काकड्या पिवळ्या पडून लिबलिबीत झालेल्या सापडल्या आणि खरंच रडू आलं हो, बी रुजल्यापासून रोज पाणी घालून वाढवलेली वस्तू अशी कचऱ्यात टाकायला हात होत नाही.

तर टोमॅटो तोडून कुठे ठेवायचे? झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यायचे का? फरसबी उकळून काचेच्या बरणीत पाण्यासकट भरून घट्ट झाकण लावून ठेवली तर टिकते असं एका व्हिडिओत पाहिलं, ते करू का? मिरच्यांचं काय करायचं? एक-दोन काकड्या कडू निघाल्या, त्या का? आणि पुढच्या वेळी हे सगळं एकदम अंगावर येऊ नये म्हणून काय करायचं तेही सांगा.

बियांची_पिशवी:
ताई आधी अभिनंदन, पहिल्याच वेळी एवढं येणं सोपं नाही.

टोमॅटोचं सांगते. झाडावर पूर्ण लाल होईपर्यंत थांबायची गरज नाही. हिरव्या फळाच्या टोकाला गुलाबी-पिवळसर झाक आली की तोडलं तरी ते घरात व्यवस्थित पिकतं आणि चवीत फारसा फरक पडत नाही, शिवाय ते पक्षी, किडे आणि तडकणं या तिन्हीतून वाचतं. तोडलेले टोमॅटो देठाकडची बाजू खाली करून, एकमेकांवर न रचता, उन्हात नाही तर सावलीत, फ्रीजबाहेरच ठेवा. कच्चे टोमॅटो फ्रीजमध्ये ठेवले की नीट पिकत नाहीत आणि चव जाते. पूर्ण पिकलेले, आता आज-उद्या खराब होतील असे असतील तेवढेच दोन-तीन दिवसांसाठी आत टाका.

तुमच्या काकड्या पिवळ्या का पडल्या तेही यातच आलं बघा. पिकणाऱ्या टोमॅटोतून इथिलीन नावाचा वायू सुटतो, त्याने काकडी पिवळी पडते. शिवाय काकडीला फार गारठाही सोसत नाही, 10 अंशांच्या खाली काही दिवस राहिली की मऊ पडून पाणी सुटतं. दोघांना लांब ठेवा, काकडी फ्रीजच्या त्यातल्या त्यात कमी गार भागात ठेवा आणि लवकर संपवा.

आणि जास्तीच्या टोमॅटोंसाठी मला सगळ्यात आवडणारा उपाय म्हणजे धुऊन, पुसून, देठाची जागा काढून अख्खेच फ्रीजरमध्ये टाकायचे. चिरायचं नाही, शिजवायचं नाही. लागेल तेव्हा काढून नळाखाली धरला की साल आपोआप सुटून येते. सॉसला, सूपला, भाजीला एकदम मस्त, कच्चा खायला मात्र नाही कारण आतला गर पाणचट होतो. टोपलीभर साठले की एक दिवस निवांत बसून सॉस करायचा, रोज रोज गॅसपाशी उभं राहायचं नाही.

वेलावरची:
काकडीबद्दल दोन ओळी. कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, कडक ऊन आणि मध्येच पाणी तुटणं याने ते वाढतं, म्हणून कुंडी कोरडी पडू देऊ नका आणि मातीवर वाळलेल्या पानांचा थर द्या. ते बहुतेक देठाकडच्या टोकात आणि सालीत असतं. तिथला तुकडा कापून चाखून बघायचा, उरलेली गोड असेल तर खायची. आख्खीच कडूजहर लागली तर सरळ टाकून द्या, वाया जाते म्हणून खाऊ नका, त्याने पोट भयंकर बिघडतं. दुधी, भोपळा यांनाही हाच नियम.

आणि काकडी लहान असतानाच तोडा. एक जरी वेलावर पिवळी होईपर्यंत राहिली तरी वेलाला वाटतं आपलं बी तयार झालं, काम संपलं, आणि पुढची फळं कमी होतात.

जुना_वाफा:
फरसबीच्या बरणीसाठी मुद्दाम लिहितोय, कृपया करू नका. हे मी खूप कळकळीने सांगतोय कारण तो व्हिडिओ बघणारी माणसं पुष्कळ असतील.

फरसबी, भेंडी, मका, गाजर या भाज्या आंबट नाहीत. मातीत सगळीकडे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो, त्याचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्याने, म्हणजे 100 अंशांनी मरत नाहीत. घट्ट बंद बरणीत हवा नाही, आंबटपणा नाही, बाहेर खोलीचं तापमान, म्हणजे त्याला हवं ते सगळं आपणच दिलं. तो तिथे वाढून जे विष तयार करतो ते फार घातक असतं, आणि वाईट गोष्ट अशी की पाणी स्वच्छ दिसू शकतं, वास येईलच असं नाही, झाकण फुगेलच असंही नाही. डोळ्यांना दोन दोन दिसणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं अशी लक्षणं सुरू होतात आणि पुढे श्वासावर येतं. त्या बीजाणूंना मारायला 115 ते 121 अंश लागतात, तेही बरण्यांसाठीच बनवलेल्या प्रेशर कॅनरमध्ये आणि तपासून ठरवलेल्या वेळेनुसार. रोजच्या स्वयंपाकाचा कुकर त्यासाठी नाही.

सीमारेषा 4.6 पीएच ही आहे (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट), त्याहून आंबट असेल तर हा जिवाणू वाढत नाही. टोमॅटो नेमका या रेषेच्या आसपास असतो, म्हणून टोमॅटो बरणीबंद करणारेसुद्धा एक लिटरमागे दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबाचा रस घालतात. बाटलीतलाच, कारण ताज्या लिंबाचा आंबटपणा प्रत्येक फळात वेगळा असतो. तेलात बुडवलेला लसूण किंवा ओली मिरचीही बाहेर ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

फरसबीचा सोपा मार्ग फ्रीजर. टोकं काढा, तुकडे करा, भरपूर उकळत्या पाण्यात 3 मिनिटं टाका आणि लगेच बर्फाच्या पाण्यात तितकाच वेळ. हे टाळू नका, शेंगेतली एन्झाइम्स थांबवली नाहीत तर फ्रीजरमध्येही हळूहळू रंग आणि चव जात राहते. मग कापडावर पूर्ण कोरडी करा, ताटात सुटी पसरून गोठवा, आणि दगडासारखी झाली की पिशवीत भरून हवा काढून तारीख लिहा. ताटात आधी गोठवल्याने गोळा होत नाही, हवी तेवढी मूठभर निघते. उणे 18 अंशांवर 8 ते 10 महिने छान राहते.

कुंडीतली_माती:
बापरे, बरं झालं विचारलं. मी चार बरण्या धुऊन वाळवून ठेवल्या होत्या आजच्यासाठी! त्या आता मिरच्यांना वापरता येतील का? आणि आज तोडलेल्या फरसबीला अर्ध्या तासात तुम्ही सांगितलंत तसं गोठवायला ताटात टाकलंय, हिरवागार रंग बघून इतकं छान वाटलं.

तिखट_खारट:
बरण्या वाया जाणार नाहीत, मी आहे ना.

मिरच्या दोन प्रकारे ठेवते. पातळ सालीच्या लाल झालेल्या मिरच्या अख्ख्या सुकतात, जाड सालीच्या मात्र उभ्या चिरूनच सुकवा नाहीतर बाहेरून वाळलेल्या दिसतात आणि आत बुरशी येते. हवा दमट असेल तर उन्हाच्या भरवशावर राहू नका, ओव्हन किंवा भाज्या सुकवायचा ड्रायर 55 ते 60 अंशांवर ठेवा. वाकली तर अजून ओली, कडकन मोडली तर झाली. मग बरणीत सैलसर भरून आठवडाभर रोज हलवून बघायच्या, काचेला आतून दमटपणा दिसला तर परत बाहेर काढून सुकवायच्या. ही आठवड्याची वाट मी कधीही चुकवत नाही. चिरताना हातमोजे घाला, डोळ्याला हात लावू नका.

दुसरा प्रकार म्हणजे मिठाच्या पाण्यात आंबवणं. मिरच्या चिरून बरणीत भरायच्या आणि मिठाचं पाणी ओतायचं, मीठ मात्र अंदाजाने नाही, मिरची आणि पाणी दोन्हींच्या एकत्र वजनाच्या 3 टक्के, म्हणजे किलोला 30 ग्रॅम, काट्यावर मोजून. आतली प्रत्येक फोड पाण्याखाली राहिली पाहिजे, वर काहीतरी वजन ठेवा. झाकण सैल, कारण वायू सुटतो. इथे जिवाणू आपल्या बाजूचे असतात, ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि जुन्या_वाफ्यांनी सांगितलेल्या 4.6 च्या खूप खाली नेतात. आठवडा-दोन आठवड्यांनी चव आंबट झाली की फ्रीजमध्ये. लहान काकड्याही अशाच होतात, त्यांना मीठ थोडं जास्त लागतं आणि फुलाकडचं टोक पातळसं कापून टाकायचं, तिथल्या एन्झाइमने काकडी मऊ पडते. वर पांढरा पातळ थर आला तर काढून टाका, पण केसाळ किंवा रंगीत बुरशी आली तर सगळी बरणी फेका. फरसबी कच्ची यात घालू नका, ती शिजवूनच खायची असते.

बियांची_पिशवी:
पुढच्या वेळचं राहिलं होतं. बुटकी फरसबी पेरल्यापासून साधारण 50 ते 60 दिवसांत येते आणि दोन-तीन आठवड्यांत तिचा जोर संपतो, म्हणून दोन्ही कुंड्या एका दिवशी पेरायच्या नाहीत, एक आज आणि दुसरी अडीच-तीन आठवड्यांनी. टोमॅटोतही बुटक्या जाती बहुतेक सगळी फळं एकदम देतात, वेलासारख्या वाढणाऱ्या जाती थंडी किंवा रोग येईपर्यंत थोडी थोडी देत राहतात. सॉस करायचा तर बुटक्या, रोज खायला वेलाच्या. तिघांना रोजच्या खाण्यापुरती माझ्या मते सहा रोपं पुरतात, बारा ही साठवणीची संख्या झाली. उरलेल्या कुंड्यांत पालेभाजी लावा, बुडाशी तीन-चार सेंटीमीटर ठेवून कापली की परत फुटते, आणि नको असेल तेव्हा आठवडाभर तशीच उभी राहिली तरी चालतं.

कुंडीतली_माती:
सगळं वहीत उतरवून घेतलं. एक शेवटचं, बी घरचंच धरता येईल का? दोन-तीन शेंगा जून होऊन गेल्यात, त्या झाडावर तशाच ठेवू?

जुना_वाफा:
आत्ता नको, त्या तोडा, नाहीतर बाकीच्या झाडाचं फुलणं मंदावेल. तोडणी संपत आली की सगळ्यात निरोगी दोन झाडं निवडून त्यांच्या शेंगा झाडावरच वाळू द्या, हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं की काढा. फरसबी बहुतेक स्वतःच्याच परागाने फळते त्यामुळे बी जातीवंत राहतं. टोमॅटोचं बी गरासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवून धुऊन वाळवा. पाकिटावर हायब्रिड किंवा एफ-1 (म्हणजे दोन जातींच्या संकराचं बी) लिहिलं असेल तर मात्र पुढची रोपं तशीच येणार नाहीत, ते आधी बघून घ्या. पाकीट ठेवलंय ना?