चाचणीत अचूक ठरलेले मॉडेल प्रत्यक्ष वापरात का फसते?

भोसरीकर:
आमचा भोसरी एमआयडीसीत सुट्या भागांचा कारखाना आहे. कोणत्या खरेदी ऑर्डरीचा माल उशिरा येणार हे आधीच कळावे, म्हणून ईआरपीतील (कारखान्याचे व्यवहार नोंदवणाऱ्या संगणक प्रणालीतील) 2021 पासूनच्या नोंदी वापरून एक्सजीबूस्ट या मशीन लर्निंग पद्धतीचे, म्हणजे जुन्या नोंदींवरून शिकून अंदाज करणारे, मॉडेल तयार केले. चाचणीत त्याने उशिराच्या जवळजवळ सर्व ऑर्डरी ओळखल्या; वापरात आणल्यावर मात्र ते प्रत्येक ऑर्डर वेळेवर येईल असेच सांगू लागले आणि खरेदी विभागाने महिनाभरात त्याकडे पाहणे सोडले. नोंदी कमी पडल्या का, की पद्धतच बदलावी?

जुना स्टोअरवाला:
पद्धतीला हात लावण्याआधी ऑर्डरीचा दुरुस्ती क्रमांक मॉडेलला दिला आहे का, ते पाहावे. पुरवठादाराने फोनवर अडचण सांगितली की ऑर्डरीत फेरफार होतो आणि शून्याचा एक, एकाचा दोन होतो. म्हणजे हा आकडा बहुधा उशिराची चाहूल लागल्यावरच वाढतो. ईआरपीत ऑर्डरीची अखेरची अवस्था उरते, ऑर्डर काढली त्या दिवशीची नव्हे. जुन्या नोंदींतून मॉडेल उत्तर वाचूनच शिकले; आज काढलेल्या ऑर्डरीचा दुरुस्ती क्रमांक तर शून्यच असणार. आमच्याकडे हाच घोटाळा गेट एन्ट्रीच्या, म्हणजे माल फाटकात आल्यावर लिहिलेल्या, शेऱ्यांमुळे झाला होता, आणि तो शोधायला मला लाज वाटावी इतका वेळ लागला.

चाकण लाइन:
याशिवाय चाचणीच्या नोंदी सरमिसळ करून निवडू नयेत. एका तारखेपर्यंतच्या नोंदींवर शिकवावे आणि त्यापुढच्या नोंदींवर तपासावे. महिन्याचा आकडाही आपल्याकडे फसवतो. लक्ष्मीपूजन 2023 मध्ये अधिक श्रावणामुळे 12 नोव्हेंबरला आले, तर 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला. छोट्या पुरवठादारांचे कामगार दिवाळीला गावी जातात आणि सगळेच ठरल्या दिवशी परततात असे नाही, त्यामुळे ‘नोव्हेंबर’ऐवजी ‘लक्ष्मीपूजनाला उरलेले दिवस’ हा रकाना द्यावा.

भोसरीकर:
मॉडेलने सर्वाधिक वजन दुरुस्ती क्रमांकालाच दिल्याचे निघाले. तो काढून तारखेप्रमाणे चाचणी घेतली, तेव्हा ‘मागच्या तीन ऑर्डरींत उशीर करणारा पुन्हा करील’ या साध्या नियमापेक्षा मॉडेल किंचितच सरस ठरले. तूर्त तो नियमच खरेदी विभागाला दिला असून, खुल्या ऑर्डरींची प्रत रोज रात्री वेगळी साठवायला सुरुवात केली आहे.