अनुभव धागा: 'डिटेक्टिव्ह डी' पाहिल्यावर तुमच्याजवळ काय उरलं?

दिग्दर्शक त्सुई हार्कचा 2010 सालचा 'डिटेक्टिव्ह डी अँड द मिस्टरी ऑफ द फँटम फ्लेम' गेल्या आठवड्यात मी तिसऱ्यांदा पाहिला, आणि तेव्हापासून कोणाशी तरी त्यावर बोलायचंय. परीक्षण नकोय. रहस्य पटलं का, कुठला प्रसंग मनात राहिला, तुमच्या स्वतःच्या कुठल्या गोष्टीला तो जाऊन भिडला, ते लिहा. शेवट उघड करायला हरकत नाही. न पाहिलेल्यांनी आधी पाहून या.

काळ इ.स. 689, चीनमधल्या तांग राजवटीतलं लुओयांग शहर. राजमाता वू झेतियन स्वतः सम्राट म्हणून गादीवर बसणार आहे आणि त्या सोहळ्यासाठी राजवाड्यासमोर महाकाय बुद्धमूर्ती उभी राहतेय. तिच्या बांधकामावरचा अधिकारी अचानक आतून पेट घेतो, राख होतो. मग दुसरा. तपासासाठी वू बोलावते ते दी रनज्येला, तिला विरोध केला म्हणून आठ वर्षं तिनेच तुरुंगात टाकलेल्या माणसाला.

मी पहिल्यांदा पाहिला तो बाबांबरोबर. ते पोलीस खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे रहस्यपट त्यांना सहसा सहन होत नाहीत. पहिला अधिकारी जळाला तेव्हा त्यांनी मला थांबवायला लावलं, थोडं मागे घ्यायला लावलं आणि पडद्यावर बोट ठेवलं. "तावीज हलवला त्याकडे सगळे बघतायत. तू ऊन बघ." तो माणूस मूर्तीच्या आतला तावीज हलवून बाहेर उजेडात आला होता. उत्तर त्यांना तिथेच अर्धं सापडलं होतं आणि उरलेला सिनेमा त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून, पुढे झुकून पाहिला. बाबा आता नाहीत. त्या एका वाक्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा लावते.

सांगली, निवृत्त विज्ञान शिक्षक

ताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. रहस्य प्रामाणिक आहे का, यावर माझं मत ठाम 'हो' असं आहे. शाप, देवाचा कोप, तावीज हे सगळं समोर ठेवून शेवटी कारण निघतं ते शरीरात शिरलेले विषारी किडे आणि त्यांना पेटवणारं ऊन. असे किडे जगात नाहीत, हे मलाही कळतं. पण आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवलेला असे. पाण्याबाहेर काढला की साधारण 30 अंशांच्या आसपास तो आपणहून पेट घेतो. चिमट्याने एक कण काढून मी टिपकागदावर ठेवायचो. आधी बारीक पांढरा धूर, मग ज्वाळा. काडी नाही, ठिणगी नाही. मागच्या बाकावरची मुलं उभी राहायची. दरवर्षी एखादा तरी विचारायचा, "सर, मंत्र टाकला का?" दी रनज्ये त्या दरबारात जे करतो तेच आम्ही वर्गात करत होतो. चमत्कार पुरता बघू द्यायचा, आणि मग कारण हातात द्यायचं.

कोल्हापूर, मर्दानी खेळाच्या आखाड्यातून

माझं मत जरा वेगळं. हरणांशी झालेली मारामारी मला अजिबात आवडली नाही, संगणकावरची चित्रं उघडी पडतात. तारांवर उडणारी माणसं हा त्यांच्या वूश्या, म्हणजे तलवारबाज वीरांच्या, चित्रपटांचा रिवाज आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मारामाऱ्या सॅमो हंगने बसवल्यात आणि पायांची जाण दिसते. पण मला धरून ठेवलं ते दीच्या हातातल्या गदेने. ती समोरच्या हत्याराला भिडते आणि त्याचा कच्चा भाग कुठे आहे ते शोधते. नेमका तिथे घाव बसला की पोलाद तुटतं.

आमचे वस्ताद नवी लाठी आली की आधी जमिनीवर आपटायला लावत. खणखणीत आवाज आला तर चांगली. बद्द आवाज आला की आत कुठेतरी चीर आहे, मग वरून कितीही गुळगुळीत दिसो. सोळाव्या वर्षी मी एक लाठी हट्टाने ठेवून घेतली आणि पहिल्याच डावात ती माझ्या हातात उभी चिरली. तळहातावरची खूण अजून आहे. म्हणून त्या गदेचं कोणी 'जादूचं हत्यार' म्हणालं तर मला पटत नाही.

पुणे, एका पंधरा वर्षांच्या मुलाची आई

यात पेई दोंगलाय नावाचा तरुण अधिकारी आहे, देंग चाओने केलेला. पांढरे केस, पांढऱ्या भुवया. माझा मुलगा तसाच आहे, जन्मापासून. आमच्याकडे उन्हाचं वेळापत्रक असतं: शाळेची मैदानाची तासिका सकाळचीच, टोपी, काळा चष्मा, मानेला क्रीम. लग्नकार्यात लोक त्याच्याकडे बघून माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

सिनेमात असा माणूस दिसला की तो खुनी असणार, हे आम्ही दोघांनी गृहीत धरलं होतं, इतकी सवय झालीय. पेई तसा नाही. तापट आहे, संशयी आहे, कैद्यांशी क्रूर वागतो, पण कामाशी इमानी आहे. तो जगत नाही याचं वाईट वाटलं. मुलगा मात्र म्हणाला, "आई, त्याला कोणी विचारलंच नाही, तू असा का." दोन तासांच्या सिनेमात त्याने हे टिपलं. रहस्य पटलं की नाही, ते मला खरंच आठवत नाही.

शांघायला नोकरी करणारा नागपूरकर

सिनेमा पाहून लुओयांगला गेलो. शहराजवळच लोंगमेनच्या लेण्या आहेत, नदीकाठच्या कड्यात कोरलेल्या. मधली वैरोचन बुद्धाची मूर्ती 17 मीटरहून उंच. तिच्यासाठी वूने 672 साली आपल्या शृंगाराच्या खर्चातून 20,000 माळा नाणी दिली, असं तिथल्याच शिलालेखात आहे. मूर्तीचा चेहरा तिच्यावरून घेतला अशी लोकांची समजूत आहे. खाली उभा राहून वर पाहिलं तेव्हा मला सिनेमात वू झालेली करीना लाऊच दिसली, पापणी न हलवता बघणारी. त्या भूमिकेला हाँगकाँग फिल्म पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळाला तो योग्यच.

सिनेमातला उंच बुद्ध हाही निव्वळ कल्पनेचा खेळ नव्हे. वूने लुओयांगच्या राजवाड्यात प्रचंड बुद्धमूर्तीसाठी उत्तुंग इमारत खरोखर बांधली होती आणि ती 695 मध्ये जळाली.

आणखी एक, आपल्यासाठी. ह्युएन त्संग याच लुओयांगजवळ जन्मला. पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात आला आणि इथल्या लोकांबद्दल लिहिताना म्हणाला की उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत. तो मायदेशी परतला 645 मध्ये. वू तेव्हा विशीतली होती. त्या कड्यासमोर हे आठवलं आणि नागपूर फार लांब वाटेना.

सातारा जिल्हा, महसूल खात्यातून निवृत्त

कोणीच तुरुंगाबद्दल लिहिलं नाही. दी तिथे काय करतो? सरकारी कागद भट्टीत जाळतो. आठ वर्षं.

मी बत्तीस वर्षं अभिलेख कक्षात काढली. निंदणीकरण म्हणजे काय ते मला विचारा. अ, ब, क, ड याद्या, लाल फडक्यातले बस्ते, मुदत संपलेल्या कागदांची नोंद, वरिष्ठांची सही, मग नाश. एकदा गठ्ठा सोडताना पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलने लिहिलेला अर्ज निघाला. एका बाईने विहिरीवरच्या हक्काबद्दल लिहिला होता. त्यावर आवक क्रमांक होता, पुढे काहीच नव्हतं. नियमाने मुदत संपलेली होती. मी तो वाचला, दोनदा वाचला, आणि यादीप्रमाणे बाजूला ठेवला. तेव्हा माझं वय अठ्ठावीस.

त्यामुळे तो प्रसंग आला तेव्हा माझा श्वास अडकला. न्याय करणाऱ्या माणसाला दिलेली यापेक्षा कडक शिक्षा मला सुचत नाही. खरा दी रनज्ये दरबारातल्या न्यायखात्यात असताना एका वर्षात 17,000 माणसांची तुंबलेली प्रकरणं निकाली काढणारा, आणि कोणाची तक्रार राहिली नाही अशी त्याची ख्याती इतिहासात नोंदलेली. असा माणूस आणि भट्टी.

बेळगाव, वकील

सातारकर काका, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

मी शेवटाबद्दल लिहिणार होते. खुनी निघतो तो शातुओ, दीचा जुना सोबती, वूच्या तुरुंगात हात गमावलेला. त्याची तक्रार खरी आहे, म्हणूनच हे रहस्य मला अस्वस्थ करतं. बुद्ध राजवाड्यावर पाडून तो सूड घेणार असतो. दी त्याला अडवतो, जिने आपली आठ वर्षं खाल्ली तिला वाचवतो, आणि मग तिच्यासमोर उभा राहून मागणी करतो: नीट राज्य कर, आणि तुझ्यानंतर गादी तांग वंशाला परत दे. पहिल्या वेळी मला हे दुबळं वाटलं. मला रामशास्त्री हवे होते, राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगून पुणं सोडणारे.

नंतर इतिहास वाचला. खऱ्या दीने म्हाताऱ्या वूला समजावत राहून 698 मध्ये तिच्या हद्दपार मुलाला परत आणवलं, वारस ठरवायला लावलं. त्यानेच शिफारस केलेल्या चांग ज्येनझी या मंत्र्याने 705 मध्ये तिला गादीवरून उतरवलं आणि तांग राजवट परत आली. दी तोवर पाच वर्षांपूर्वी वारला होता. दरबार सोडून गेला असता तर यातलं काही त्याच्या हातून झालं नसतं. आता माझं मन दोन्हीकडे आहे, आणि अशिलांना 'तडजोड करा' म्हणताना हल्ली जरा थांबते.

ठाणे, रात्रपाळीची परिचारिका

शेवटी दीच्याही अंगात ते विष भिनतं ना, तो भाग मला सगळ्यात जवळचा. ऊन लागलं तर जळणार. म्हणून तो शहराखालच्या भुताच्या बाजारात उतरतो, जिथे कायम अंधार, पाणी आणि होड्या. खटला संपला, गादी वाचली, आणि हा माणूस उजेडाला मुकला.

मी सकाळी सातला सुटते. स्टेशनच्या जिन्यावर समोरून ऊन येतं, सगळे वर चढत असतात, मी एकटी खाली. घरी जाड पडदे ओढून झोपते. ज्या दिवशी हा सिनेमा पाहिला, त्या दिवशी पडदा थोडा उघडा ठेवला. पायावर उन्हाची पट्टी पडली होती, गरम. झोप लागेपर्यंत मी पाय तिथून हलवला नाही.