मदत हवी आहे: समुद्री टँकची सॅलिनिटी (पाण्याचा खारटपणा). हायड्रोमीटर १.०२६ दाखवतो, रिफ्रॅक्टोमीटर ४१. खरं कोणाचं?

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहतो. घरी छोटा समुद्री टँक आहे, दगड वगळून पाणी ४० लिटर. आत क्लाउनफिशची जोडी, थोडे झोआ, दोन मशरूम (दोन्ही प्रवाळासारखे जीव). जोडी पुण्याहून पिशवीत, मांडीवर धरून आणली होती. दीड वर्ष झालं, घरातलीच झालीत आता.

आठ दिवसांपासून झोआ मिटून बसलेत. मासे खातात, पण कल्ले भराभर हलतात. मला पाण्याच्या खारटपणाचीच शंका येते.

मी पहिल्यापासून काचेचा तरंगता हायड्रोमीटर (पाणी किती जड आहे ते दाखवणारा) वापरतो, प्रयोगशाळेचं सामान मिळतं त्या दुकानातून घेतलेला. हिवाळ्यात हीटर २५ वर असायचा तेव्हा तो १.०२४ दाखवायचा. उन्हाळा लागला, पंखा लावूनही पाणी २९ च्या खाली येईना, आणि आकडा १.०२३ च्या खाली गेला. पाणी गोडं होत चाललंय असं वाटून दोन महिने दर रविवारी ८ लिटर बदलताना नवं पाणी मुद्दाम जास्त खारट कालवलं. आता बरोबर १.०२६ आहे.

परवा मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर आणला, पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारा. आरओच्या पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवलं, मग टँकचं पाणी बघितलं तर ४१ पीपीटी (हजार भागांत ४१ भाग मीठ)! तीनदा बघितलं. टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) तर आकडाच दाखवत नाही.

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यात आरओ निम्म्याहून जास्त फेकून देतो. चुकीच्या आकड्यावर भरवसा ठेवून बादल्या ओतायच्या नाहीत, आणि मुख्य म्हणजे माशांना आणखी त्रास द्यायचा नाही. कोणाचं खरं मानू?

प्रतिसाद १
टीडीएस पेन बाजूला ठेवा, ते पिण्याच्या पाण्यासाठी असतं. समुद्राचं पाणी त्याच्या आवाक्याबाहेरचं. रोज उडणारं पाणी कशाने भरता? मिठाच्या पाण्याने भरत असाल तर तिथेच चूक आहे. पाणी उडतं, मीठ मागे राहतं.

धागाकर्ता
नाही, टॉप-अप साध्या आरओच्या पाण्यानेच. काचेवर मार्करची रेघ आहे, रोज सकाळी तिथपर्यंत भरतो. लिटर-सव्वा लिटर लागतं.

प्रतिसाद २
टॉप-अप बरोबर आहे. हायड्रोमीटरच्या आतल्या कागदी पट्टीवर तापमान लिहिलेलं असेल, ते आधी बघा.

धागाकर्ता
६० अंश फॅरनहाइट लिहिलंय. आजवर तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

प्रतिसाद २
तिथेच घोळ आहे. ६० फॅरनहाइट म्हणजे साधारण १५.६ सेल्सिअस. पाणी तापलं की हलकं होतं, काडी जास्त बुडते आणि आकडा कमी दिसतो. तुमच्या हायड्रोमीटरवर ३५ पीपीटीचं, म्हणजे समुद्राइतकं खारट पाणी २५ अंशांना १.०२४ च्या आसपास दिसणार, आणि २९ ला १.०२३ च्याही खाली. म्हणजे हिवाळ्यातही तुमचं पाणी ठीक होतं, मार्चमध्येही ठीक होतं. तापमान तेवढं बदललं होतं. २९ अंशांना १.०२६ दिसतंय म्हणजे आजचं पाणी ३९ च्या पुढे आहे.

आता रिफ्रॅक्टोमीटर. बरेच स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नाही. शून्याला जुळले तरी ३५ ला दीडएक पीपीटी जास्त दाखवतात. म्हणून शून्यावर नाही, ३५ वर जुळवा. तयार द्रावण विकत मिळतं, घरीही होतं: ३६.५ ग्रॅम शुद्ध कोरडं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओचं पाणी. या द्रावणातून प्रकाश ३५ पीपीटीच्या समुद्राच्या पाण्याइतकाच वळतो. स्वयंपाकघरातला काटा पाण्याला चालेल, मिठाला नको. अर्ध्या ग्रॅमची चूक म्हणजे जवळपास अर्धा पीपीटी. ओळखीच्या सराफाकडून मीठ तोलून आणा. बाटलीचं झाकण घट्ट लावा, नाहीतर द्रावणही आटतं.

आणखी एक, सोलापूरकरांसाठी महत्त्वाचं. रिफ्रॅक्टोमीटरवर एटीसी (तापमानाची आपोआप दुरुस्ती) लिहिलेलं असतं, पण ती दुरुस्ती बहुतेक वेळा १० ते ३० अंशांपर्यंतच चालते. दुपारी तुमची खोलीच ३८ ला असेल तर तिचा उपयोग नाही. पहाटे मोजा, टॉप-अप झाल्यावर आणि पाणी नीट फिरल्यावर. द्रावणाचा थेंब आणि टँकचा थेंब लागोपाठ बघा, थेंब टाकून मिनिटभर थांबा.

खारटपणा एकदम उतरवू नका. रोज टँकमधलं १ लिटर काढा आणि १ लिटर आरओचं घाला. ४० लिटरला यानं साधारण १ पीपीटी उतरतं.

धागाकर्ता
मनापासून आभार. सराफाकडे तोलून द्रावण केलं, पहाटे साडेपाचला खोली २९ वर असताना बघितलं. शून्यावर जुळवलेल्या रिफ्रॅक्टोमीटरने द्रावण ३६.५ दाखवलं. स्क्रू फिरवून ३५ वर आणलं, मग टँक ३९.५. तुम्ही म्हणालात तसंच.

वाईट वाटतंय. पाणी चांगलं होतं आणि मीच दोन महिने मीठ वाढवत गेलो.

आज तिसरा लिटर बदलला, आता ३६.५ च्या जरा वर आहे. माशांचे कल्ले शांत झालेत, झोआ अजून मिटलेलेच. एक विचारायचं राहिलं: रविवारच्या ८ लिटरचं मीठ आधी वजनावर घालून रात्रभर पंपाने फिरवू आणि सकाळी मोजू, की मोजत मोजतच घालू?

प्रतिसाद २
वजनावर, पण ठरलेल्यापेक्षा थोडं कमी घाला. सॉल्ट मिक्स (समुद्री टँकचं तयार मीठ) ओल धरतं, त्यामुळे वजनावर पूर्ण विसंबता येत नाही. सकाळी मोजून कमी पडलं तर चमचाभर वाढवा. पाणी टँकच्याच तापमानाला आणून मगच ओता. आणि ३५ ला पोचेपर्यंत हा रविवार जाऊ द्या.